तारखेच्या अलीकडचे दिवस

आमच्या रुग्णालयात मंगळवार आणि शुक्रवार हे गरोदर मातांच्या तपासणीचे वार आहेत. या दिवशी सकाळी साडेआठपासूनच बाह्यरुग्ण विभागाच्या ओसरीतील बाके भरू लागतात. सात महिने पूर्ण झालेल्या स्त्रिया त्या गर्दीत सहज ओळखू येतात. बसताना त्या एक हात मागे टेकतात आणि नाव पुकारल्यावर उठावयास त्यांना थोडा अधिक वेळ लागतो. सोबत सासू, जाऊ किंवा आई असते. पती मात्र बहुधा आत नसतो. तो अंगणातील लिंबाखाली मोटारसायकलला टेकून उभा असतो, नाही तर फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर असतो. तपासणी आटोपली की तो पुढे येतो, “काय म्हणाले डॉक्टर?” असे विचारतो, आणि उत्तरादाखल त्याला एकच गोष्ट कळते : पुढची तारीख.

वार्षिक अहवालात किती तपासण्या झाल्या, किती प्रसूती झाल्या याचे तक्ते असतात आणि ते असावयासच हवेत. परंतु एक तपासणी आणि दुसरी तपासणी यांच्यामधले दिवस त्या घरात कसे जातात, हे तक्त्यात दिसत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत धोका उद्भवतो तो बहुतांशी याच मधल्या दिवसांत. आमच्या हितचिंतकांना आणि आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांना या दिवसांची ओळख करून द्यावी, आणि त्यांनी आम्हाला जे शिकविले ते मोकळेपणाने सांगावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

कार्डावरील दोन तारखा

प्रत्येक गर्भवतीच्या कार्डावर दोन तारखा असतात. पहिली प्रसूतीची अंदाजे तारीख. शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून ती काढतात. हिशेबाची सोपी रीत अशी की पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवावेत आणि नऊ महिने पुढे जावे. पाळी १० जूनला आली असेल तर प्रसूतीची अंदाजे तारीख १७ मार्च. पाळीची तारीख सर्वांनाच सांगता येते असे नाही. “नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी”, “गावच्या जत्रेच्या आधी चार दिवस” अशी उत्तरे येतात, आणि आमच्या परिचारिका भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने उलटून त्यांची तारीख करतात. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झालेली असेल तर हा हिशेब अधिक पक्का होतो.

ही तारीख अंदाजाची आहे, हे शब्द कार्डावर छापलेले असले तरी घरात ते कोणी वाचत नाही. नेमक्या त्या दिवशी प्रसूत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चार-पाचच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर पुढे केव्हाही होणारी प्रसूती दिवस भरलेली मानली जाते. तरीही पतीची रजा, नणंदेचे येणे, शेतातील सुगी, धाकट्या दिराचे लग्न, सारे त्या एका तारखेभोवती बांधले जाते. तारखेच्या तीन आठवडे आधी कळा सुरू झाल्या की घर गांगरते. तारीख उलटून आठ दिवस झाले की शेजारणी विचारू लागतात आणि घर पुन्हा गांगरते.

दुसरी तारीख पुढील तपासणीची. शासकीय कार्यक्रमात किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत : पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ही संख्या वाढवून आठ भेटी सुचविल्या, आणि त्यांतील पाच भेटी ३० व्या आठवड्यापासून पुढच्या आहेत. आम्हीही सातव्या महिन्यानंतर दर पंधरा दिवसांनी आणि शेवटच्या महिन्यात दर आठवड्यास बोलावितो. कारण साधे आहे. रक्तदाब वाढणे, बाळाची वाढ खुंटणे, बाळ आडवे असणे या गोष्टी याच काळात लक्षात येतात, आणि त्यांतील काही फार वेगाने बळावतात.

तपासणीचा दिवस

तपासणीचा दिवस त्या जोडप्यासाठी पहाटेच सुरू होतो. पाणी भरणे, दूध घालणे, मुलांचा व घरच्यांचा डबा, आणि मग सातची एस.टी. ती चुकली तर पुढची दहाला, म्हणजे रुग्णालयात पोचेपर्यंत रांग संपलेली. पती सोबत आला तर त्याची एक दिवसाची मजुरी किंवा रजा जाते. म्हणूनच तो लिंबाखाली उभा असला तरी त्याच्या येण्याला मोल आहे, हे आम्ही प्रथमच नमूद करतो.

केसपेपर झाल्यावर वजन होते. त्यानंतर पाच मिनिटे स्वस्थ बसवून रक्तदाब मोजतात, कारण चालून आल्याबरोबर मोजलेला आकडा फसवा असतो. १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब भरला तर काही वेळाने पुन्हा मोजतात. लघवीतील प्रथिनांची तपासणी होते. वाढलेला रक्तदाब आणि लघवीत प्रथिने ही जोडी आमच्या दृष्टीने सर्वांत सावध करणारी. संध्याकाळी पायांवर येणारी थोडी सूज पुष्कळ निरोगी गर्भवतींनाही येते. परंतु सकाळी उठल्यावर चेहऱ्यावर सूज असेल, बोटातली अंगठी घट्ट होऊ लागली असेल किंवा आठवड्यात वजन एकाएकी वाढले असेल, तर ती सूज निराळी समजावी.

रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर गरोदरपणात तो रक्तक्षय मानतात. ७ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो तीव्र. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. प्रसूतीत थोडा रक्तस्राव प्रत्येकीलाच होतो. अंगात पुरेसे रक्त असलेली स्त्री तो सोसते. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी तिला तेवढाच स्राव जिवावर बेतू शकतो.

मग पोटाची तपासणी. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत टेपने अंतर मोजतात. २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान हे अंतर जितके सेंटिमीटर भरते, साधारण तितकेच आठवडे झालेले असतात. साधी शिवणकामाची टेप बाळाची वाढ सांगते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. ३६ व्या आठवड्यास बाळाचे डोके खाली आले आहे की नाही हे हाताने चाचपून पाहतात. बूड खाली असेल किंवा बाळ आडवे असेल तर प्रसूती कोठे व कशी करावयाची हे वेळीच ठरवावे लागते.

शेवटी बाळाचे ठोके. अडॉल्फ पिनार या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने १८९५ मध्ये तयार केलेली कर्ण्याच्या आकाराची नळी अजूनही आमच्या टेबलावर आहे. तिच्यातून ठोके एकट्या तपासणाऱ्यालाच ऐकू येतात. हातात धरण्याच्या डॉपलर यंत्रातून मात्र ते खोलीभर ऐकू येतात, मिनिटाला ११० ते १६०, धावत्या घोड्याच्या टापांसारखे. हे ठोके पित्यानेही ऐकावेत असे आम्हाला फार उशिरा सुचले. त्याची हकिकत पुढे येत आहे.

एका गुरुवारची हकिकत

काही वर्षांपूर्वीची ही घटना आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ती येथे देत आहोत. पहिलटकरीण होती. पस्तिसावा आठवडा सुरू होता. शुक्रवारच्या तपासणीत तिचा रक्तदाब १३०/८४ भरला. आधीच्या सर्व नोंदी ११०/७० च्या आसपास होत्या. लघवी निर्दोष होती. आम्ही विश्रांतीचा सल्ला दिला, कार्डावर पुढील शुक्रवारची तारीख घातली आणि पुढचे नाव पुकारले.

मंगळवारी तिचे डोके दुखू लागले. ऊन बाधले असेल म्हणून सासूबाईंनी बाम चोळून दिला. बुधवारी छातीखाली, पोटाच्या वरच्या भागात दुखले आणि दोन उलट्या झाल्या. पित्त झाले असेल म्हणून आल्याचा रस दिला. पती साखर कारखान्यात पाळीवर होता. मध्यरात्री घरी आल्यावर त्याने विचारले, “दवाखान्यात जाऊ या का?” तिने उत्तर दिले, “अहो, परवा तारीखच आहे. दोनदा खाडा कशाला?” या उत्तरात काटकसर होती, नवऱ्याची काळजी होती, आणि आमच्यावरचा विश्वासही होता. गुरुवारी रात्री तिला झटके आले. वाहन मिळून रुग्णालयात पोचेपर्यंत दीड तास गेला. मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन झटके आवरले, शस्त्रक्रिया झाली, पुढील चार दिवस अतिदक्षता विभागात गेले, आणि ती वाचली. बाळाचे ठोके मात्र ती आली तेव्हाच थांबलेले होते.

दुसऱ्या दिवशी तिचा पती कार्ड घेऊन आमच्यासमोर उभा राहिला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो एवढेच म्हणाला, “साहेब, तारीख तर आजची होती.”

पुढे आमच्या बैठकीत ते कार्ड आम्ही सर्वांनी हातात घेऊन पाहिले. धोक्याची लक्षणे मागील बाजूस छापलेली होती, बारीक अक्षरांत. ती कोणी वाचून दाखविलेली नव्हती. रक्तदाब मर्यादेच्या आत असला तरी आधीपेक्षा चढलेला होता, आणि अशा स्त्रीला आठवड्याने नव्हे तर दोन-तीन दिवसांत पुन्हा बोलवावयास हवे होते. त्या शुक्रवारी पती आवारातच होता, पण त्याला कोणी आत बोलाविले नव्हते. हा दोष त्या घराचा नव्हता, आमचा होता. आम्ही दिलेली तारीख हेच त्यांच्या थांबण्याचे कारण झाले होते.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये तीन प्रकारच्या विलंबांची मांडणी केली. पहिला विलंब घरातून निघण्याचा निर्णय घेण्यातला, दुसरा रुग्णालयापर्यंत पोचण्यातला, तिसरा पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. तिसरा विलंब कमी करण्यासाठी देणगीदारांच्या साह्याने यंत्रे व मनुष्यबळ आणता येते. दुसऱ्यासाठी रस्ते व रुग्णवाहिका लागतात. पहिला विलंब मात्र स्वयंपाकघरात, मध्यरात्री, दोन माणसांच्या बोलण्यात होतो. तेथे आमच्यातला कोणीही हजर नसतो. हजर असते ते फक्त आम्ही आधी सांगितलेले आणि त्यांनी लक्षात ठेवलेले.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिली, कार्डावर पुढील तारखेच्या खाली लाल शाईचा ठसा उमटू लागला : “ही शेवटची तारीख. त्रास झाल्यास याच्या आधी, रात्रीसुद्धा यावे.” दुसरी, चढता रक्तदाब असलेल्या प्रत्येकीला तीन दिवसांच्या आत बोलावणे आणि ती न आल्यास दूरध्वनी करणे. तिसरी, २८ आठवड्यांनंतरच्या प्रत्येक भेटीत अखेरची पाच मिनिटे पतीला, किंवा घरात ज्याच्या शब्दावर वाहन निघते त्या व्यक्तीला आत बोलावणे. त्याआधी स्त्रीशी एकटीने बोलणे होतेच, कारण काही गोष्टी ती घरच्यांसमोर बोलत नाही. पतीला बोलवावे की नाही हेही तिलाच विचारले जाते. बहुतेक जणी होकार देतात. मग डॉपलर पुन्हा पोटावर ठेवतात. लिंबाखालून आलेला, चप्पल कोठे काढावी या विचारात असलेला तो तरुण ठोके ऐकतो, आणि त्यानंतर आम्ही सांगतो ते तो निराळ्या रीतीने ऐकतो.

दोन तपासण्यांमधील दिवस

या पाच मिनिटांत आम्ही जे सांगतो ते घरातील रोजच्या व्यवहाराविषयी असते. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रातून विनामूल्य मिळतात आणि त्या किमान १८० दिवस घ्यावयाच्या असतात. त्या घेतल्याने बाळ काळे होते किंवा फार मोठे होऊन अडते, या समजुतीला आधार नाही. शौचाचा रंग काळसर होतो, त्याने भिऊ नये. गोळीबरोबर चहा घेतल्यास लोह अंगी लागत नाही. लिंबाचा रस किंवा आवळा घेतल्यास अधिक लागते. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीपासून दोन तासांच्या अंतराने घ्यावी. जेवणात नाचणी, डाळी, उसळी, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे आणि ज्यांना चालते त्यांनी अंडी व मासे असावेत. घरात सर्वांची पाने वाढून उरेल ते खाणारी स्त्री निदान या तीन महिन्यांत सर्वांबरोबर जेवावी, ही विनंती आम्ही सासूबाईंना करतो. आमचा अनुभव असा की नीट कारण सांगितले की त्या स्वतःच सुनेचे ताट वाढून घेतात.

डोक्यावर हंडा, पाठीवर ओझे आणि उंचावरून काढावयाचे सामान हे काम या काळात पतीने उचलावे. झोपताना तिने कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपावे, कारण उताणे झोपल्यास भरलेल्या गर्भाशयाचा भार पाठीलगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि बाळाकडे जाणारे रक्त कमी होते. दुपारी दोन तासांची विश्रांती ही चैन समजू नये.

बाळाच्या हालचालींकडे रोज लक्ष द्यावे. जेवणानंतर कुशीवर पडून हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा बाळ मंद वाटले, तर त्याच दिवशी यावे. दिवस भरत आले की बाळ आपोआप शांत होते ही समजूत घातक आहे. जागा कमी झाल्याने हालचालींची तऱ्हा बदलते, पण त्या थांबत नाहीत. आमच्याकडे येणारे एक शेतकरी जोडपे रात्रीच्या जेवणानंतर ज्वारीचे दहा दाणे वाटीत घेऊन बसत असे. प्रत्येक हालचालीला एक दाणा वाटीतून ताटात पडे. दाणे टाकण्याचे काम पतीचे होते. ही रीत आम्ही आता इतरांनाही सांगतो.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास तारखेची वाट पाहू नये :

१. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणारे ठिपके येणे.
२. छातीखाली, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, त्यासोबत उलट्या.
३. चेहरा व हात यांवर एकाएकी आलेली सूज.
४. अंगावरून रक्त जाणे, ते थोडे असले किंवा दुखत नसले तरीही.
५. अंगावरून पाणी जाणे, कळा नसल्या तरीही.
६. बाळाची हालचाल कमी होणे किंवा न जाणवणे.
७. थंडी वाजून ताप, किंवा थोड्याशा श्रमाने दम लागणे.
८. झटके येणे किंवा शुद्ध हरपणे.

माहेरची वाट

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडील रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि लेक माहेरी जाते. या रीतीत जिव्हाळा आहे आणि विश्रांतीही आहे, म्हणून तिला आमचा विरोध नाही. परंतु नेमक्या ज्या काळात रक्तदाबाची मागील नोंद पाहणे आवश्यक असते, त्याच काळात रुग्णालय, डॉक्टर आणि आशा कार्यकर्ती सारेच बदलतात. साडी-चोळी बरोबर जाते, फाइल मात्र सासरच्या कपाटात राहते. नवीन ठिकाणी १३०/८४ हा आकडा एकटाच पाहिला तर ठीक वाटतो. आधीच्या आकड्यांच्या शेजारी ठेवला तरच तो बोलतो.

यासाठी आम्ही एवढेच सुचवितो की ओटीत नारळाबरोबर कार्ड आणि रक्त-लघवी व सोनोग्राफीचे सर्व कागदही घालावेत. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तेथील रुग्णालयात एक तपासणी करून घ्यावी. पतीने दूरध्वनीवर “बरी आहेस ना?” एवढेच न विचारता बाळाच्या हालचाली, गोळ्या आणि रक्तदाबाचा शेवटचा आकडा विचारावा. सातव्या महिन्यातील मूल जगते आणि आठव्यातील जगत नाही, असा एक समज माहेरी आणि सासरी दोन्हीकडे आढळतो. त्यामुळे आठव्या महिन्यात कळा आल्यास काही घरे आशाच सोडतात. वस्तुस्थिती उलट आहे. गर्भाशयात अधिक दिवस राहिलेल्या बाळाची फुप्फुसे अधिक तयार झालेली असतात, आणि आठव्या महिन्यातील बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातील बाळापेक्षा निश्चितच जास्त असते.

ऊसतोडीचे बिऱ्हाड

आमचे रुग्णालय ऊसपट्ट्यात असल्याने दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. उसाच्या फडाजवळ पाचट, बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावावर. पती ऊस तोडतो, पत्नी मोळ्या बांधते, आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. दोघांपैकी एक आजारी पडला की कोयता अर्धा होतो आणि खाड्याचे पैसे उचलीत मोजले जातात.

अशा जोडप्याला “मंगळवारी या” म्हणणे म्हणजे दोघांची मजुरी मागणे होय. शिवाय तिचे कार्ड गावी असते, तिला ओळखणारी आशा गावी असते, आणि या मुलखात तिचे नाव कोणत्याच यादीत नसते. आठव्या महिन्यात मोळी वाहणारी स्त्री तपासणीस येत नाही, यात अडाणीपणा किंवा बेफिकिरी पाहणे अन्यायाचे आहे. तिने हिशेब केलेला असतो, आणि त्या हिशेबात आमची तारीख फार महाग पडलेली असते.

म्हणून हंगामात आमच्या परिचारिका आठवड्यातून एकदा संध्याकाळी, फडावरून माणसे परतल्यावर, कोप्यांवर जातात. सोबत रक्तदाबाचे यंत्र, हिमोग्लोबिन तपासणीचे साहित्य, डॉपलर आणि विजेरी असते. चूल पेटलेली असते, भाकरी थापणे चालू असते, आणि पती तेथेच असतो. येथे त्याला लिंबाखालून बोलवावे लागत नाही. मुकादमालाही आम्ही सोबत बसवितो, कारण रात्री वाहन लागले तर ते त्याच्याच शब्दावर निघते. तपासणीची नोंद दोन प्रतींत होते. एक प्रत जोडप्याजवळ राहते, म्हणजे टोळी दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत गेली किंवा हंगाम संपून गावी परतली तरी नोंद तिच्याबरोबर जाते.

निघण्याची तयारी

मध्यरात्री निर्णय लवकर व्हावा असे वाटत असेल तर त्यातील बराचसा भाग दिवसाउजेडी, आधीच झालेला असावा. ३६ व्या आठवड्याच्या भेटीत आम्ही जोडप्याला चार प्रश्न विचारतो. रात्री कोणाचे वाहन मिळेल? पती घरी नसेल तर निघण्याचे कोण ठरवील? रक्त लागल्यास कोणास बोलवाल? घरी थोरल्या मुलाजवळ कोण थांबेल? चारही उत्तरे कार्डावर लिहून घेतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तो क्रमांक घरातील प्रत्येकाला, शाळेत जाणाऱ्या मुलालाही पाठ असावा.

पैशाच्या चिंतेने निघणे लांबू नये यासाठी काही गोष्टी माहीत असणे आवश्यक आहे. शासकीय रुग्णालयांत २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत प्रसूती, शस्त्रक्रिया करावी लागली तरीही, विनामूल्य होते. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी करण्याचा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखण्याचे बंधन आहे, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हा रुग्णाचा हक्क आहे, त्यासाठी कोणाचे उपकार मानण्याचे कारण नाही. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला मात्र आठव्या महिन्यातच काढून फाइलमध्ये ठेवावा.

नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत असे. २०१८ ते २०२० या काळात हे प्रमाण ३३ वर आले. या घटीमागे असंख्य परिचारिका, आशा, डॉक्टर आणि वाहनचालक यांचे श्रम आहेत. उरलेले मृत्यू टाळावयाचे तर घराघरांतील पहिल्या विलंबाकडे वळणे भाग आहे.

ज्या जोडप्याची हकिकत वर दिली, ते दोन वर्षांनी पुन्हा आमच्याकडे आले. या खेपेस तिसाव्या आठवड्यापासून प्रत्येक तपासणीला पती आत बसत असे. एके रात्री अकरा वाजता ते दोघे आले, कारण तिचे डोके दुखत होते. रक्तदाब मोजला, लघवी तपासली, सकाळपर्यंत ठेवून घेतले. काहीही निघाले नाही. सकाळी जाताना पती ओशाळून म्हणाला, “उगाच त्रास दिला सिस्टर तुम्हाला.” आमच्या परिचारिकेने त्याला सांगितले की असा त्रास त्यांनी हवा तेवढा द्यावा. पुढे ३८ व्या आठवड्यात, तारखेच्या बारा दिवस आधी, त्यांना मुलगी झाली.

कोप्यांवरील भेटींसाठी आणखी दोन डॉपलर यंत्रे व एका वाहनाच्या इंधनाचा वार्षिक खर्च उभा करणे येत्या वर्षी आवश्यक आहे. तपासणी कक्षात पतीसाठी एक खुर्ची ठेवावयाची होती, ती आम्ही ठेवली आहे. आणि ज्यांच्या घरी या वर्षी कार्डावर तारीख पडली आहे त्यांना आमची एवढीच विनंती आहे, की त्या तारखेच्या अलीकडचा कोणताही दिवस, कोणतीही रात्र आमच्याकडे येण्यासाठी योग्यच समजावी.